मंदगतीचें मोल

उतावीळपणा हा माझा जुना दोष आहे. घोडनदीच्या कांठीं, म्हणजे आमच्या शिरूर गांवीं, मी आज तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत आहें. आणि या तीस वर्षांत "सर, जरा सावकाश" हें वाक्य माझ्या कानांवर जितक्या वेळां पडलें असेल, तितक्या वेळां तासाची घंटाहि पडली नसेल. जेवतांना माझें लक्ष ताटापेक्षां हात धुण्याकडे अधिक. कादंबरीचें शेवटचें पान मी अगोदर वाचतों. एस्. टी.च्या थांब्यावर उभा राहिलों कीं रस्त्याच्या मध्यापर्यंत दहा वेळां जाऊन डोकावून येतों. जणूं माझ्या डोकावण्यानेंच गाडी लवकर येणार आहे! अशा माणसानें वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं मंदगतीचे गोडवे गावे, याचें माझ्या परिचितांस नवल वाटेल. मलाहि वाटतें. म्हणून तें कसें घडलें, तें सांगतों.

माझी धाकटी बहीण दौंडला असते. मेहुणे रेल्वेंत नोकरीला आहेत आणि ती जवळच्याच एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे. शिरूर व दौंड हे एकमेकांना लागून असलेले तालुके. पण एक गांव घोडनदीवर आणि दुसरें भीमेवर. न्हावऱ्यावरून निघावें, पारगांवापाशीं भीमा ओलांडावी, चौफुल्याला सोलापूरच्या हमरस्त्याला लागावें आणि वरवंड, पाटस करीत दौंडला उतरावें, असा माझा एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारचा नेम आहे. दुतर्फा ऊस, मधून मधून गुऱ्हाळांचा धूर, आणि हिवाळ्यांत त्या धुराबरोबर येणारा ताज्या काकवीचा वास. रस्ता सुखाचा आहे. ज्या कारणासाठीं तो मी चालूं लागलों, तें कारण मात्र सुखाचें नाहीं.

२००९ च्या उन्हाळ्यांत एके दिवशीं तिच्या उजव्या डोळ्यापुढें धुकें आलें. फळ्यावर स्वतःच लिहिलेलीं अक्षरें तिलाच वाचवेनात. डोळा फिरवला कीं दुखे. तेव्हां ती एकतीस वर्षांची होती. डॉक्टरांनीं शिरेंतून स्टेरॉइड दिलें, आणि सहा आठवड्यांत दृष्टि परत आली. आम्हीं सत्यनारायण केला आणि सारें विसरून गेलों. दोन वर्षांनीं डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्या जाईनात. चालतांना चप्पल पायांतून निसटून मागें राही आणि हिला पत्ताहि नसे. पुण्यास नेऊन एम्. आर्. आय्. काढला. मेंदूच्या व मज्जारज्जूच्या करड्या चित्रांत पांढरे ठिपके उमटले होते. डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें : मल्टिपल स्क्लेरोसिस.

स्क्लेरोसिस म्हणजे काठिण्य, घट्टे पडणें. १८६८ सालीं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांत शार्को नांवाच्या वैद्यानें या रोगाचें रीतसर वर्णन केलें; मृत रुग्णांच्या मेंदूंत व मज्जारज्जूंत ठिकठिकाणीं दिसणाऱ्या या घट्ट्यांवरूनच त्याला नांव मिळालें. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें एक स्निग्ध वेष्टन असतें. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरांनीं कुरतडली म्हणजे काय होतें, हें आमच्या भागांत शेतकऱ्याच्या पोरालाहि सांगावें लागत नाहीं : वीज असते, मोटार असते, पण पाणी चढत नाहीं. या रोगांत तसेंच होतें. फरक इतकाच, कीं येथें उंदीर बाहेरून येत नाहींत. शरीराच्या रक्षणासाठीं नेमलेल्या पेशीच घरच्या तारा कुरतडूं लागतात. कां, तें पूर्णपणें उलगडलेलें नाहीं. २०२२ सालीं अमेरिकन सैन्यांतील एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदी तपासून हार्वर्डच्या संशोधकांनीं असें दाखवलें, कीं एप्स्टाइन-बार नांवाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारें बत्तीस पटींनीं वाढतो. पण हा विषाणु बहुतेक साऱ्या जगाला केव्हां ना केव्हां भेटून जातो आणि रोग मात्र थोड्यांनाच होतो. हा थंड, गोऱ्या देशांचा रोग, अशी आपल्याकडे फार दिवस समजूत होती. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनीं १९९० सालीं, पारशी समाजांत तो इतर भारतीयांपेक्षां अधिक आढळतो, हें दाखवलें; आणि एम्. आर्. आय्.चीं यंत्रें जागोजागीं झाल्यावर तो इतरांच्याहि घरांत सांपडूं लागला. त्यांतलेंच एक घर आमचें.

त्या दिवशीं पुण्याच्या डॉक्टरांनीं इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें सुचवलीं. १९९३ पासून अमेरिकेंत तीं या रोगावर वापरांत होतीं. डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "यानें रोग जाणार नाहीं. झटके कमी येतील आणि अपंगत्व लांबणीवर पडेल." मीं एकच प्रश्न विचारला : "पूर्ण बरें करणारें औषध आहे का?" "नाहीं." "मग तें निघेपर्यंत थांबूं," मी म्हणालों.

हें वाक्य लिहितांना आजहि माझी लेखणी अडखळते. औषधाचा खर्च तिचा पगार गिळून टाकणारा होता, हें खरें. पायाच्या मुंग्या तोंवर ओसरल्या होत्या, हेंहि खरें. पण माझ्या नकाराचें मूळ त्यांत नव्हतें. तें माझ्या स्वभावांत होतें. जें समूळ बरें करीत नाहीं त्याला औषध कसलें म्हणायचें, असें मला वाटलें. उत्तर पुरें असावें, नाहीं तर शून्य गुण द्यावेत, अशा तऱ्हेचा मी परीक्षक! आणि घरांत इंग्रजी कागद वाचणारा मी एकटाच; मेहुण्यांनीं व बहिणीनें माझ्या शब्दापुढें मान डोलावली.

थांबण्याचीं तीं तीन वर्षें आम्हांला महाग पडलीं. त्या अवधींत तीन झटके आले. प्रत्येक झटका ओसरला, पण जातांना थोडें थोडें घेऊन गेला : एकदां डाव्या हाताची पकड, एकदां जिना उतरतांनाचा आत्मविश्वास. मधल्या काळांत, पूर्ण बरें करण्याचें वचन देणारी एक जागाहि आम्हांला सांपडली. एका मोठ्या शहरांत मूळपेशी टोंचून मज्जातंतू नवे करून देऊं म्हणणारें एक चकचकीत चिकित्सालय होतें. तेथें शंका विचारायला वाव नव्हता. पैसे भरायला मात्र दोन खिडक्या होत्या. मेहुण्यांनीं भविष्यनिधींतून रक्कम काढली, मीं माझी ठेव मोडली. चार महिन्यांनीं पुढचा झटका ठरल्याप्रमाणें आला. अपुऱ्या सत्याला नाक मुरडणारा मी पुऱ्या असत्यापुढें मात्र रांगेंत उभा राहिलों होतों.

२०१४ सालीं आम्ही खालीं मान घालून पुन्हां त्याच डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं मागचें कांहींच काढलें नाहीं. आतां त्यांनीं रिटुक्सिमॅब नांवाचें औषध सुचवलें. हें मूळचें रक्ताच्या एका कर्करोगावरचें. या रोगांत धुमाकूळ घालणाऱ्या बी पेशी तें रक्तांतून नाहींशा करतें. सहा महिन्यांतून एकदां शिरेंतून घ्यावयाचें. २००७ पासून तें आपल्या देशांत तयार होऊं लागल्यामुळें किंमत आटोक्यांत आलेली होती. या रोगासाठीं त्यावर रीतसर शिक्का नसतांहि स्वीडनमधील डॉक्टर तें सर्रास वापरीत. आणि पुढें २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आवश्यक औषधांच्या यादींत या रोगासाठीं जीं तीन औषधें घातलीं, त्यांत हें एक होतें. पहिल्या मात्रेपासून आजवर तिला नवा झटका आलेला नाहीं. दर वर्षीं चित्र काढतों. नवा ठिपका नसतो.

येथें ही गोष्ट संपावी असें कोणालाहि वाटेल. मलाहि वाटलें होतें. पण झटके थांबले तरी पावलें कमी होत राहिलीं. २०१९ मध्यें हातांत काठी आली. दोन वर्षांपूर्वीं चार पायांचा वॉकर आला. मीं डॉक्टरांना रागानेंच विचारलें, "चित्र स्वच्छ आहे, मग ही चालतां चालतां थकते कां?" त्यांनीं जें सांगितलें तें मला आमच्या रस्त्यावरच्या गुऱ्हाळांमुळें चटकन् समजलें. चुलाणांतला जाळ विझवला तरी राखेखालीं विस्तव रात्रभर धुमसत असतो. झटके हा जाळ. तो बाहेरून, रक्तांतून येणाऱ्या पेशींचा. आणि आजवरचीं बहुतेक औषधें तोच विझवतात. पण मेंदूच्या आंत, स्वतः मेंदूच्याच राखणदार पेशी धुमसत राहतात, उघडे पडलेले तंतू हळूहळू वाळतात, आणि चित्रांत नवें कांहीं न दिसतां माणूस झिजत जातो. रक्त व मेंदू यांच्यामध्यें निसर्गानें जी गाळणी ठेवली आहे, ती ओलांडून या विस्तवापर्यंत पोंचणारें औषध शोधणें, हेंच हल्लींच्या संशोधनाचें मोठें काम आहे.

पाटसच्या पुढें कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. तेथें औषधांचे व रसायनांचे कारखाने आहेत. एखाद्या रविवारीं त्या बाजूनें जातांना तीं धुराडीं पाहून माझ्या मनांत येतें, कीं गोळी बनवणें एक वेळ सोपें. ती उपयोगी आहे हें सिद्ध करणें किती अवघड! ज्या रोगाची चाल वर्षांनीं मोजायची, तो मंदावला हें ओळखायचें कसें? त्यासाठीं कुर्ट्झके या अमेरिकन वैद्यानें १९८३ सालीं पक्की केलेली एक मोजपट्टी आहे. शून्यापासून दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या गुणानें चढणारी. तींत शून्य मिळवणारा उत्तम. शंभर मीटर चालण्यास काठी लागली कीं सहा, दोन्ही हातांना आधार लागला कीं साडेसहा, चाकांच्या खुर्चीची गरज पडली कीं सात. जन्मभर गुण देत आलेल्या माझ्यासारख्याला, गुण वाढूं नयेत म्हणून देव पाण्यांत घालून बसण्याची पाळी या मोजपट्टीनें आणली. आमची बहीण साडेसहावर आहे.

आणि याच मोजपट्टीवर नव्या औषधांच्या परीक्षा होतात. कोणाचा गुण वाढून तीन किंवा सहा महिने तसाच राहिला, तर त्याचें अपंगत्व वाढलें असें धरतात. २०१७ सालीं ऑक्रेलिझुमॅब हें, आरंभापासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारावर मान्यता मिळालेलें पहिलें औषध ठरलें. त्याच्या परीक्षेंत पाण्यासारखी निरुपद्रवी मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें एकोणचाळीस जणांचें अपंगत्व वाढलें, आणि औषध घेणाऱ्या शंभरांपैकीं तेहतीस जणांचें. २०२५ सालीं टोलेब्रुटिनिबचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हें गोळीच्या रूपांत घ्यावयाचें, गाळणी ओलांडून थेट राखेखालच्या विस्तवापर्यंत जाणारें औषध. माझ्या बहिणीसारख्या, म्हणजे झटके थांबून झीज चालूं असलेल्या, अकराशे एकतीस रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांत शंभरीं सुमारें एकतीस जणांचें अपंगत्व वाढलें. औषध घेणाऱ्यांत सुमारें तेवीस जणांचें. कांहींच्या यकृतास मात्र त्यानें इजा केली.

सर्वच वार्ता अशा बऱ्या नसतात. कोलेस्टेरॉलवरच्या सिम्व्हास्टॅटिन या साध्या, स्वस्त गोळीनें मेंदूची झीज पुष्कळच मंदावते, असें २०१४ सालीं एकशेंचाळीस रुग्णांच्या परीक्षेंत इंग्लंडांत आढळलें. मीं तो कागद घडी करून पाकिटांत ठेवला होता. पुढें नऊशें चौसष्ट रुग्णांवर मोठी परीक्षा झाली. २०२४ मध्यें निकाल आला : अपंगत्वावर कांहीं परिणाम नाहीं. तो कागद मीं पाकिटांतून काढला, पण फाडून टाकवेना. एका पुस्तकांत ठेवून दिला. २०२३ पासून इंग्लंडांत एक नव्या पद्धतीची परीक्षा सुरू झाली आहे. तींत एकाच वेळीं अनेक औषधें तपासतात, आणि जें निरुपयोगी दिसेल तें मधेंच वगळून नवें घेतात. त्यांतलें एक औषध आहे मेटफॉर्मिन. म्हणजे मधुमेहावरची, मी रोज सकाळीं पोह्यांबरोबर घेतों तीच गोळी! हें मीं सांगितलें तेव्हां बहीण हंसून म्हणाली, "म्हणजे औषध तुझ्या डबींत आणि रोग माझ्या घरांत. आपल्या घरच्या वांटण्या नेहमींच अशा."

टोलेब्रुटिनिबचा वृत्तांत वाचून दुसऱ्याच रविवारीं मी तिच्याकडे गेलों. एप्रिल महिना होता. या रोगाला ऊन मानवत नाहीं. अंगांतील उष्णता थोडी वाढली तरी उघडे पडलेले तंतू काम नाकारतात; या प्रकाराला उटहॉफ या जर्मन वैद्याचें नांव मिळालें आहे. दौंडच्या उन्हाळ्यांत त्याचा पडताळा पाहण्यास ग्रंथ लागत नाहीं. दुपारीं ती गळ्याभोंवतीं ओला पंचा गुंडाळून खाटेवर बसली होती. मीं आंकडे सांगितले आणि माझ्या स्वभावानुसार वर शेरा मारला, "एवढा खटाटोप करून एकतिसांचे तेवीस! आठच माणसें वाचलीं. त्यांतहि बरा एकहि झाला नाहीं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, तूं ऐंशीं मुलांचा वर्ग घेतोस, म्हणून तुला आठ थोडीं वाटतात. माझ्या शाळेंत एका वर्षीं पहिलीचा पट आठच होता. वर्षभर मीं तो वर्ग शिकवला. आठ म्हणजे भरलेला वर्ग असतो."

मला उत्तर सुचलें नाहीं. तीच पुढें बोलत राहिली. खाटेपासून ओट्यापर्यंत अकरा पावलें आहेत, तीं अजून तिचीं आहेत. ओट्यापासून दारापर्यंत चौदा. शाळेच्या ओसरीला तीन पायऱ्या होत्या. मुख्याध्यापकांनीं तेथें उतार करून घेतला, म्हणून वर्गापर्यंत जातां येतें. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत या रोगाचें नांव स्पष्ट घातलें आहे, आणि सेवेंत असतां अपंगत्व आलें म्हणून सरकारी नोकरीवरून काढतां येत नाहीं, असेंहि त्यांत आहे. म्हणून हजेरीपटावर तिची सही अजून होते. पुण्याहून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीच्या शाखेंतल्या बायकांचे फोन येतात. ही संस्था १९८५ पासून देशांत काम करीत आहे. त्यांच्यांतल्या एकीनें थंड पाण्याच्या पंचाची युक्ति सांगितली, दुसरीनें रोज करावयाचा व्यायाम. "हें सगळें मिळून काय झालें?" ती म्हणाली. "दोन वर्षें मी साडेसहावर आहें. तूं म्हणतोस, बरी झाली नाहींस. मी म्हणतें, सातावर गेलें नाहीं."

इतक्यांत स्टेशनाच्या बाजूनें ध्वनिक्षेपकाचा आवाज आला. कुठलीशी गाडी उशिरानें धांवत होती. मीं सवयीनें कपाळाला आठी घातली. तिनें ती पाहिली आणि म्हणाली, "ज्या गांवीं जायची इच्छाच नाहीं, त्या गांवची गाडी लेट झाली तर तूं तक्रार करशील का, दादा?"

मग इतकीं वर्षें जें माझ्या ओठांवर येऊन परत जात होतें, तें त्या दिवशीं मीं बोलून टाकलें. २०११ सालीं मी "थांबूं" म्हणालों नसतों, तर काठी कदाचित् पुढें ढकलली गेली असती. आज सर्व डॉक्टर एकमुखानें सांगतात, कीं पहिल्या एकदोन झटक्यांनंतर लागलीच औषध सुरू करावें. गेलेला तंतु परत आणतां येत नाहीं, राहिलेला राखतां येतो. रोगाची चाल मंद करावयाची, तर उपचारानें धांवत जावें लागतें. हें मला कळलें, पण तिच्या पायांच्या खर्चानें कळलें.

ती रडली नाहीं, आणि "जाऊं दे" असेंहि म्हणाली नाहीं. तिनें माझ्याकडे नीट पाहिलें. "जन्मभर तूं घाईनें वागलास, दादा," ती म्हणाली, "एकदांच थांबलास, तें नेमकें तेथें." मग पंचा पुन्हां ओला करून आणायला तिनें मला मोरींत पिटाळलें.

संध्याकाळीं ऊन उतरल्यावर ती मला फाटकापर्यंत पोंचवायला आली. दारापासून फाटक बावीस पावलें आहे. मधें एकदां थांबली. वॉकर पुढें, मग डावा पाय, मग उजवा. मी बाजूनें चालत होतों, आणि मला वाटतें, आयुष्यांत पहिल्यांदां मी दुसऱ्याच्या चालीनें चाललों. मेहुणे मागून पाण्याची बाटली घेऊन येत होते. फाटकाशीं तिनें वॉकरवरचा एक हात सोडून माझा निरोप घेतला.

थांब्यावर एस्. टी. त्या दिवशीं पाऊण तास उशिरा आली. मी रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन डोकावलों. सवय इतक्यांत जाणार नाहीं. पण बसमध्यें बसल्यावर मीं डायरी काढली आणि तिच्या पुढच्या मात्रेची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली. ती तारीख मात्र मी एक दिवसहि पुढें जाऊं देणार नाहीं.